सरांचं इत्यादी

गुरुवारी सकाळी सर गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मी फोन ठेवला आणि बाकीच्यांना सांगितलं. आम्ही घणसोलीला त्यांच्या घरी गेलो. त्या दिवशी परत कोणी कामाला बसलं नाही.

पुढच्या आठवड्यात कामाला बसलो तेव्हा लक्षात आलं, की सरांच्या मशीनवर नवी आवृत्ती अर्धी बांधून पडली आहे. 'बांधणं' हा त्यांचाच शब्द. सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे होते. लिहून झालेल्या सॉफ्टवेअरचं गाठोडं बांधायचं, त्यातली कुठली फाइल मशीनमध्ये कुठे उतरेल ते ठरवायचं आणि मग ते गाठोडं पाठवायचं, हे काम सरांचं. आमची कंपनी लहान, महापेतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. द्रोणागिरीकडच्या गोदामांच्या गेटवर येणारे-जाणारे कंटेनरचे ट्रक नोंदवायचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. प्रत्येक गेटवर एक लिनक्सचं मशीन, त्यात आमचा प्रोग्रॅम, आणि मशीनसमोर दिवसभर बसणारं एक माणूस. हे माणूस आपल्या सोयीने काही ना काही बदलून घेतं. कोणी रंग बदलतं, कोणी रकान्यांचा क्रम. नवी आवृत्ती गेली की हे बदल टिकतात की पुसले जातात, ते गाठोडं कसं बांधलंय त्यावर ठरतं. सर असेपर्यंत ते टिकत. आता गाठोडं अर्धं होतं आणि सर नव्हते.

मी त्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहिते. मराठी घेऊन एम.ए. केलं, शिकवायची नोकरी मिळाली नाही, आणि गेटवरच्या लोकांसाठी साध्या मराठीत लिहिणारं कोणी हवंय असं कळल्यावर इथे आले. लिनक्स म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मला सरांसमोर बसवलं. त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं,

"लोकांकडे जेवायला जाता का?"

"जाते."

"आमटीत मीठ कमी असलं तर?"

"मागून घेते."

"घेता, बरोबर. आणि टाकता कुठे? पातेल्यात की पानात?"

"पानात."

"झालं," ते म्हणाले. "अर्धं काम तुम्हाला येतं. बाकीचं अर्धं वाढणाऱ्याचं. दुसऱ्यांदा आमटी वाढताना पानातल्या मिठाला हात लावायचा नाही. पातेलं आपलं, पान त्यांचं. ह्याच्या वर लिनक्समध्ये काही नाही."

लिनक्समध्ये ह्याच्या वर पुष्कळ काही आहे, हे मला नंतर कळलं. पण गाठोडी बांधण्याच्या कामात खरोखरच फारसं नाही. मशीनमध्ये एक जागा असते जिथे प्रोग्रॅमबरोबर आलेलं सामान राहतं. तिला यूएसआर म्हणतात. दुसरी एक जागा असते जिथे त्या मशीनच्या मालकाने आपल्यापुरतं ठरवलेलं राहतं. तिचं नाव ईटीसी. सर आमच्या मूळ सेटिंग यूएसआरमध्ये ठेवत आणि ईटीसीमध्ये आमच्या नावाची एक रिकामी खोली करून देत. प्रोग्रॅम आधी आमचं वाचतो, मग त्या खोलीत कोणी काही ठेवलंय का बघतो. दोघांत फरक पडला तर त्यांचं खरं. नवी आवृत्ती आली की आमचं सामान बदलतं. त्यांच्या खोलीत कोणी पाऊल टाकत नाही.

ऑफिसात सगळे 'ईटीसी' म्हणत. सर 'इत्यादी' म्हणत. इंग्रजीतल्या त्या तीन अक्षरांचा अर्थ तोच, मग मराठीत म्हणायला काय हरकत, असं त्यांचं म्हणणं. "इत्यादीत काय टाकलंय हे?" असा आवाज त्यांच्या टेबलाकडून आला, की कोणाची तरी फाइल चुकीच्या जागी उतरली आहे असं समजायचं. नवीन आलेला माणूस पहिले काही दिवस गोंधळायचा. मग तोही इत्यादी म्हणायला लागायचा.

सर मूळचे घणसोली गावातले. सिडकोच्या आधीचं त्यांचं घर. बाजूला टॉवर झाले, तरी त्यांच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला पायरीवर चढावं लागतं. शिकलेले भरपूर. ऑफिसात बोलायचे ते आपल्यासारखंच, भराभर, निम्मं इंग्रजी. रागावले किंवा खूष झाले की मात्र गावची बोली वर यायची आणि 'ण'चा 'न' व्हायचा. आम्ही त्यावरूनच हवामान ओळखायचो.

'युजर' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. मशीनसमोर बसणाऱ्या माणसाला ते 'घरवाले' म्हणत. फोनवर त्यांचं चाललेलं असायचं, "उलव्याच्या घरवाल्यांना हिरवा रंग पसंत पडला नाही. जासईच्या घरवाल्या रुसल्यात. द्रोणागिरीच्या घरवाल्यांकडे मी स्वतः जाऊन येतो." रिसेप्शनवर नवीन आलेल्या मुलीने हे आठवडाभर ऐकलं आणि मला चहाच्या वेळी हळूच विचारलं, "मॅडम, सरांची नक्की किती घरं आहेत हो?" मी ते सरांना सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. शब्द मात्र बदलला नाही.

त्यांच्या खांद्याला साडीच्या दुकानातली एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यात त्यांचा स्वतःचा कीबोर्ड. दुसऱ्याच्या मशीनवर काम करायचं झालं तर हा कीबोर्ड जोडत, काम झालं की काढून घेत. दुसऱ्याच्या कीबोर्डची रचना आपल्या सोयीने बदलायची नाही म्हणून. त्याच्या खुर्चीची उंचीही बदलत नसत. आमच्यातला एक मुलगा ताडमाड उंच. त्याच्या खुर्चीत सर बसले की पाय अधांतरी. "सर, खाली घ्या ना खुर्ची," तो म्हणायचा. "तू परत आल्यावर वर घेशील, पन आधीची जागा तुला सापडनार नाय," सर म्हणायचे, आणि शाळेतल्या मुलासारखे पाय हलवत टाइप करत राहायचे.

ह्या सगळ्याचं कौतुकच होतं असं नाही. त्रासही व्हायचा. आमची मीटिंगची खोली शेजारच्या कंपनीबरोबर वाटून घेतलेली होती आणि एसीचा रिमोट त्यांच्याकडे असायचा. एका मे महिन्यात तो रिमोट टेबलावरच पडलेला होता. एसी चालू, पण नुसता वारा सोडत होता. आम्ही सगळे घामाने भिजलेले. मी रिमोटला हात लावणार तेवढ्यात सर म्हणाले, "त्यांनी तसं ठेवलंय, तर काहीतरी कारण असेल."

"कारण काय असणार? चुकून दाबलं गेलं असेल."

"असेल. विचारून येतो."

ते विचारायला गेले. शेजारचे जेवायला गेले होते. आम्ही तशाच घामात मीटिंग संपवली. बाहेर पडताना एक जण म्हणाला, "सर स्वर्गात गेले तरी दारात विचारतील, पंखा कोणाच्या सेटिंगवर आहे." त्या वेळी सगळे हसलो. मीही हसले.

कामातही असंच. एखादी फाइल आमच्या सामानात मोडते की घरवाल्यांच्या, ह्यावर त्यांचं मन ठरेना झालं की गाठोडं अडायचं. गोदामवाल्यांचे फोन यायचे. कंपनीचे मालक स्वतः त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. एकदा ते काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो सर, फाइल आहे ती, गणपतीची मूर्ती नाही. बसवा कुठेही."

"मूर्तीचं सोपं असतं साहेब," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी आणली तर आधीची पाण्यात गेलेली असते. इथे आधीची घरातच आहे आणि तिला कोणीतरी हार घातलाय."

मालक परत गेले. सरांना काढून टाकावं असं त्यांच्या मनात कितीदा आलं असेल कोण जाणे. पण आमच्या आवृत्त्या गेल्यानंतर गेटवरून तक्रारीचे फोन येत नसत, हेही त्यांना दिसत होतं.

एकदा त्यांच्या घरी गेले होते. दिवाळीच्या आधीचे दिवस. वरच्या मजल्यावरच्या खोल्या त्यांनी भाड्याने दिलेल्या. एका खोलीत साताऱ्याकडचं कुटुंब, नवरा वाशीच्या मार्केटला. खोलीला नवा रंग दिला होता, फिका पिवळा, आणि वहिनी, म्हणजे सरांची बायको, मला तो दाखवायला मुद्दाम वर घेऊन गेल्या. भिंतीवर जागोजागी खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याभोवती जुन्या निळ्या रंगाचा ठिपका राहिलेला.

"बघ गो बाय, तुझ्या सरांची करामत," वहिनी म्हणाल्या. "रंगारी बोलला खिले काढतो. ह्ये बोलले, खिला भाडेकरूचा हाय, भिंत आपली हाय. रंगाऱ्याने कपालाला हात लावला. आता भिंतीला देवी आल्यावानी दिसतंय."

साताऱ्याची बाई चहा घेऊन आली. तिने तिथल्या एका खिळ्याकडे बोट केलं. "काकी, त्यो खिळा काढला नाय त्येच बरं झालं. माझ्या सासूबाईंचा फोटो हाय त्यावर. खाली उतरवला आसता, तर म्हातारीनं सपनात येऊन इचारलं आसतं."

"म्हातारी मेली तरी तुला भ्या वाटतंय?"

"जित्तेपणी वाटत नव्हतं. तवा उलट बोलता याचं."

खाली सर पायरीवर बसून ऐकत होते. वर न येता ओरडले, "खिळे मोजू नका, चहा प्या."

मशीनवर एक प्रसंग असा येतो, की मूळ फाइल घरवाल्यांनी बदललेली असते आणि नव्या आवृत्तीबरोबर तिची नवी प्रत आलेली असते. मग मशीन थांबून विचारतं: ही फाइल तुम्ही बदललेली दिसते; आमची नवी घालू, की तुमची ठेवू? आणि काही उत्तर न देता नुसतं एंटर दाबलं, तर त्यांची राहते. सरांना हा प्रश्न अतिशय आवडायचा. नव्या माणसाला ते तो मोठ्याने वाचायला लावत. "इतक्या सभ्यपणे मला माझ्या सासऱ्यांनीसुद्धा कधी विचारलं नाही," असं म्हणत. "आणि बघा, गप्प बसणाऱ्याचं काय होतं? गप्प बसला तर त्याचंच राहतं. जगात असं कुठे असतं सांगा."

मग थोड्या वेळाने म्हणत, "पण हा प्रश्न विचारायची वेळच येऊ नये. मागे ट्रकवाला हॉर्न मारतोय, तिथे वाचत कोण बसणार?" म्हणून तर ती वेगळी खोली.

आता सुवर्णाताईंबद्दल सांगायला हवं.

द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या गेटवर त्या बसतात. जवळच्याच कोळीवाड्यातल्या. घरात मासळीचा धंदा. ह्या एकट्या शिकून नोकरीला लागलेल्या, तीही कंत्राटदारामार्फत. एके दिवशी त्यांचा मला फोन आला.

"मॅडम, तुमच्या पुस्तकात लिवलंय तसा केला. अक्षरं मोठी कराची फाइल बनवली. सरांना फोन केला, ते बोलले, इत्यादीत टाका. टाकली. पन अक्षरं काय मोठी होत नाय."

"इत्यादीत म्हणजे कुठे टाकली?"

"इत्यादीतच. सापडत नव्हता, मंग मीच बनवला. समोरच हाय, स्क्रीनवर."

त्यांनी स्क्रीनवर एक फोल्डर केला होता, मराठीत त्याला 'इत्यादी' असं नाव दिलं होतं आणि फाइल त्यात ठेवली होती. प्रोग्रॅम अर्थातच तिकडे बघत नव्हता. मी हे सांगितल्यावर ऑफिसात जो हशा पिकला तो बराच वेळ चालला. सर हसले नाहीत.

"हसताय काय?" ते म्हणाले. "शब्द मी दिला. त्यांनी पालला." मग पिशवी खांद्याला लावून मला म्हणाले, "लेखिका, चला. उद्या जाऊन येऊ."

मी उलव्याला राहते. सकाळी कंपनीच्या गाडीने त्यांनी मला नाक्यावर घेतलं. वाटेत त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "तुम्ही मराठीच्या. इत्यादी म्हणजे काय?"

"आणि बाकीचं. यादीत न घेतलेलं."

"कोणाच्या यादीत?"

"जो यादी करतो त्याच्या."

"तेच," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "यादी करणारा थकतो आणि इत्यादी लिहून मोकळा होतो. त्याला वाटतं तिथे काही महत्त्वाचं नसेल. तिथे लोक राहत असतात."

सुवर्णाताईंची केबिन म्हणजे पत्र्याची पेटी, एका बाजूला खिडकी, खिडकीला लागून ट्रकची रांग. त्या खुर्चीच्या कडेवर बसून, मान पुढे काढून स्क्रीन बघत होत्या. नाक जवळजवळ काचेला लागलेलं. एक ड्रायव्हर ओरडत होता, "मॅडम, जल्दी करो ना!" आणि त्या स्क्रीनवरचं एकेक अक्षर पुटपुटत नंबर भरत होत्या.

रांग थोडी सरल्यावर सरांनी खुर्ची मागितली. कीबोर्ड जोडला. 'इत्यादी' असं लिहिलेल्या त्या फोल्डरकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"उघडू का?"

"उघडा की. त्यात काय सोना हाय?"

आत आमची फाइल होती. शिवाय मुलीचा शाळेतल्या गणवेशातला फोटो होता, एनएमएमटीच्या बसच्या वेळा होत्या, गेटवरच्या पाळ्या होत्या, आणि 'बोंबील आतून साफ' अशा नावाचा एक व्हिडिओ होता. सर ते बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता बोली येणार. ती आलीच.

"लेखिका, बघतंय काय? ह्याला बोलतात इत्यादी. आपला काय, नुसता नाव हाय."

"चुकला का सर माझा?" सुवर्णाताईंनी विचारलं.

"नाय. तुमची जागा बरोबर हाय. मशीनला ठावा नव्हता, त्याला सांगतो."

त्यांनी फाइल हलवली नाही. मशीनच्या खऱ्या इत्यादीतल्या आमच्या खोलीत त्यांनी फक्त एक पाटी लावली. अशी पाटी करता येते: इथे नाही, तिकडे बघ, असं प्रोग्रॅमला सांगणारी. ती ताईंच्या फोल्डरकडे बोट दाखवत होती. प्रोग्रॅम बंद करून चालू केला आणि अक्षरं बोटाएवढी झाली.

सुवर्णाताई खुर्चीत बसल्या. आधी कडेवर, सवयीने. मग मागे सरकल्या आणि पाठ टेकली. पुढच्या ट्रकचा नंबर त्यांनी एका दमात भरला.

आम्ही निघताना त्या केबिनच्या दारापर्यंत आल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या. साखरेच्या आजाराने नजर अधू झाली होती. चष्मा बदलून झाला होता. कंत्राटदाराला कळलं तर दुसऱ्या दिवशी दुसरं माणूस आणून बसवेल. "सर, त्याला नका बोलू. पोरगी बारावीला हाय."

"काय बोलायचं?" सर म्हणाले. "आम्ही अक्षरं बघायला आलो होतो. छान आहेत."

येताना त्यांनी नाक्यावर गाडी थांबवून सुकट घेतलं. गाडीभर वास पसरला. ड्रायव्हरने काच खाली केली तर म्हणाले, "विचारायचं तरी आधी," आणि स्वतःच हसले.

सर गेल्यानंतर त्यांची जागा निखिलकडे आली. ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीतून आलेला, तिशीतला, हुशार, वागायला नीट. सरांना तो फक्त थोडे दिवस भेटला होता. त्याने अर्धं गाठोडं बघितलं, सगळ्यांना बोलावलं आणि आपला विचार मांडला.

"हे बघा, प्रत्येक साइटवर वेगळं काहीतरी आहे. फोन आला की आपल्याला कळतच नाही समोर काय दिसतंय. मला हे सिंपल करायचंय. ईटीसीमध्ये आपली एकच फाइल. अपडेट आला की जुनी जाणार, नवी बसणार. सगळीकडे सेम. टेन्शनच नको."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फोन मीही घेतले होते. समोरच्या स्क्रीनवर काय आहे हे न कळता तास तास बोलले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हणाले, "द्रोणागिरीला एक पाटी आहे. ती जाईल."

"कसली पाटी?"

मी सांगितलं. ताईंच्या डोळ्यांचं सांगितलं नाही. ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. त्यामुळे माझं बोलणं पोकळ वाटलं. निखिल समजूतदारपणे म्हणाला, "ताई, एका साइटच्या फॉन्टसाठी पूर्ण डिझाइन अडवायचं का? सांगा तुम्हीच."

"अडवू नका. आधी एकदा तिथेच लावून बघू. मी येते."

त्याने मान्य केलं. मी सुवर्णाताईंना फोन करून सगळं सांगितलं: सर गेलेत, नवे साहेब येणार आहेत, अक्षरं बारीक होतील, परत मोठी करता येतील, पण थोडा वेळ तरी होतील. नको असेल तर आमचं येणं मी थांबवते. पलीकडे हॉर्न वाजत होते. मग त्या म्हणाल्या, "सर गेले, ता मला कोनी सांगितला नाय." समोरचा ट्रक सोडून म्हणाल्या, "येऊ दे त्याला. बघू दे."

आम्ही गेलो. निखिलने जुनं सगळं जपून ठेवलं आणि मग नवी आवृत्ती चढवली. सगळं सुरळीत झालं, कुठे काही अडलं नाही, मशीनने काही विचारलंही नाही. अक्षरं बारीक झाली. सुवर्णाताई खुर्चीच्या कडेवर आल्या. मान पुढे गेली. ट्रकचा नंबर त्यांनी भरला, खोडला, परत भरला. बाहेर रांग वाढायला लागली. कोणीतरी खिडकीवर थाप मारली.

निखिल त्यांच्या मागे उभा होता. त्याने आधी स्क्रीनकडे बघितलं, मग त्यांच्या पाठीकडे.

"ताई, तुम्हाला दिसत नाहीये का?"

 सुवर्णाताईंनी मान वळवली नाही.

"बारीक दिसत नाय साहेब," त्या म्हणाल्या. "मोठा दिसतो. मोठा असला का माझा काम कोनापेक्षा कमी नाय. आता तुमी बघा काय ते. कंत्राटदाराचा नंबर त्या भिंतीवर हाय."

निखिलने भिंतीकडे बघितलंच नाही. तो खाली वाकला, जुनं परत चढवलं, पाटी जागेवर आली. अक्षरं मोठी झाली. त्या मागे टेकून बसल्या आणि रांग हलायला लागली. आम्ही केबिनच्या कडेला उभे राहिलो. त्याने मला विचारलं,

"बाकीच्या साइट्सवर लोकांनी असं काय काय केलं असेल?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "सरांनाही माहीत नव्हतं."

"मग ते कसं ठरवायचे, काय ठेवायचं?"

"ते ठरवायचेच नाहीत."

परतीच्या वाटेवर तो लॅपटॉप मांडीवर घेऊन सरांचं अर्धं गाठोडं वाचत होता. मध्येच विचारी, हे इथे का ठेवलंय, हे तिथे का नाही. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. ऑफिसात पोहोचल्यावर त्याने सगळ्यांना एवढंच सांगितलं, की लोकांचे बदल राहतील, आणि फोनवर समोर काय दिसतंय ते कळावं म्हणून आपण वेगळी सोय करू: एक बटण, जे दाबलं की आमच्या मूळ सेटिंग कुठल्या आणि घरवाल्यांच्या कुठल्या, हे दोन रांगांत दिसेल. कारण कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. हे बटण सरांना सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर गाठोडी इतकी अडली नसती.

उरलेलं गाठोडं निखिलने बांधलं. कामाच्या भरात एकदा त्याच्या टेबलाकडून आवाज आला, "इत्यादीत काय टाकलंय हे?" सगळ्यांनी वर बघितलं. तोही चपापला, मग हसला. माझ्या समोरची मुलगी उठून बाहेर जाऊन आली. मी पुस्तिकेतलं पान पुढे लिहीत राहिले.

आवृत्ती गेली. गेटवरून फोन आले ते नेहमीचेच, प्रिंटरचे आणि नेटचे. सुवर्णाताईंचा आला नाही, म्हणून मीच केला. त्यांना नवी आवृत्ती आल्याचं कळलंच नव्हतं.

आता सरांच्या टेबलाशी निखिल बसतो. सुवर्णाताई सकाळच्या पाळीला असतात आणि त्यांच्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी आहेत.